‘संदेश’ आणि त्याचें लेखकमंडळ

ग्रंथाचें परीक्षण करतांना ग्रंथ आणि ग्रंथकार ह्या दोहोंपलीकडे फारसें पाहावयाचें नाहीं, अशी आपल्या टीकाकारांची जुनी संवय आहे. मोठ्यांच्या वाङ्मयाच्या बाबतींत ती एक वेळ चालेल; कादंबरीकार एकांतांत बसून लिहितो ही समजूत सर्वस्वीं खोटी नाहीं. मुलांसाठीं लिहिणारा लेखक मात्र चमत्कारिक स्थितींत असतो. ज्यांच्यासाठीं तो लिहितो त्या वाचकांस परीक्षणें लिहितां येत नाहींत, आणि ज्यांस तीं येतात ते त्याचें पुस्तक मुलाच्या हातीं देऊन मोकळे होतात. अशा लेखकास ‘छान झालें, आतां पुढचें लिही’ असें म्हणणारें कोण? बहुतेक ठिकाणीं ह्याचें उत्तर एकच मिळतें: मुलांसाठीं लिहिणारा दुसरा कोणीतरी लेखक.

ह्यावरचा आक्षेपहि ठरलेला आहे. लेखकांनीं लेखकांस उत्तेजन द्यावयाचें, म्हणजे उंटानें गाढवाचा गळा वाखाणावयाचा आणि गाढवानें उंटाचें रूप! अशीं मंडळें आपण सर्वांनींच पाहिलीं आहेत. वर्षांतून दोन वेळां जमावें, परस्परांच्या नव्या पुस्तकांच्या वार्ता सांगाव्या, फराळ करावा, आणि प्रत्येकानें आपापली प्रत काखोटीस मारून घरीं जावें. तेव्हां आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. प्रश्न इतकाच कीं, उत्तेजन कोणत्या जातीचें असलें म्हणजे त्यांतून खरें वाङ्मय निपजतें? हा प्रश्न पारखून पाहण्यास बंगाली ‘संदेश’ मासिकाच्या लेखकमंडळाइतकें सोयीचें उदाहरण आम्हांस दुसरें सांपडलें नाहीं.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनीं हें मासिक १९१३ सालीं कलकत्त्यास काढलें. त्यापूर्वीं तीस वर्षें ते मुलांसाठीं लिहीत होते. ‘सखा’ ह्या मासिकांत त्यांचें पहिलें लिखाण १८८३ मध्यें आलें. पुढें मुलांसाठीं लिहिलेल्या त्यांच्या रामायणांतील चित्रें लांकडी ठशांवरून इतकीं वाईट उतरलीं कीं, ह्या गृहस्थानें विलायतेहून यंत्रसामग्री मागविली आणि १८९५ मध्यें ठसे करण्याचा स्वतःचाच कारखाना घातला. हाफटोन ठशांच्या शास्त्रावरील त्यांचे लेख पुढें लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकांत छापून येऊं लागले. मुलांच्या पुस्तकांतलें चित्र बिघडलें म्हणून छपाईचें शास्त्र शिकावयास बसणारा मनुष्य संपादक झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याच्या मासिकांत लिहिणाऱ्यास पहिलें उत्तेजन मिळे तें शब्दांचें नव्हे. आपलें लिखाण नीट छापलें जाईल आणि त्यावरचें चित्र कोणी विद्रूप करणार नाहीं, ही खात्री लेखकास शंभर शाबासक्यांहून अधिक धीर देते.

नांवाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बंगालींत ‘संदेश’ म्हणजे बातमी, आणि ‘संदेश’ म्हणजे छेन्याची मिठाई. संपादकास दोन्ही अर्थ हवे होते. पण ह्या घराण्याचा हा नादच दिसतो. चिरंजीव सुकुमार यांनीं तरुणपणीं ‘नॉन्सेन्स क्लब’ म्हणून एक घरगुती मंडळ काढलें होतें. तेथें तीं मंडळी नाटकें करीत, आणि त्यांचें एक हस्तलिखित मासिकहि असे. त्याचें नांव ‘साडे बत्तीस भाजा’, म्हणजे कलकत्त्याचे फेरीवाले विकीत तो बत्तीस जिनसांचा, वर अर्धी मिरची ठेवलेला चिवडा. पुढें विलायतेहून परतल्यावर सुकुमारांनीं मित्रांचा ‘मंडे क्लब’ चालविला. प्रशांतचंद्र महालनोबीस, सुनीतिकुमार चतर्जी, सत्येंद्रनाथ दत्त अशीं माणसें तेथें निबंध वाचीत. परंतु तेथील फराळाची कीर्ति अशी पसरली कीं, त्याचें ‘मंडा क्लब’ झालें. मंडा हीहि मिठाईच! उपाशी पोटीं सरस्वतीची सेवा करण्याचा आपल्याकडील आदर्श ह्या मंडळींस मान्य नव्हता, असें समजावें.

‘संदेशा’चे बरेचसे लेखक घरचेच होते. धाकटे बंधु कुलदारंजन यांनीं रॉबिन हूड बंगाली मुलांच्या ओळखीचा केला. दुसरे बंधु प्रमदारंजन हे सर्व्हे खात्यांत नोकरीस. वर्षाचे कित्येक महिने ब्रह्मदेशच्या आणि लुशाई टेकड्यांच्या जंगलांत, तंबूंत काढावयाचे. असा मनुष्य एरव्हीं सरकारी कागदांखेरीज दुसरें काय लिहिता? पण घरांतूनच मासिक निघत होतें, आणि त्यास बातम्या हव्या होत्या. प्रमदारंजनांची ‘वनेर खबर’, म्हणजे वनांतली खबर, ह्या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यांत कल्पनेचा विलास नाहीं, उपदेश तर नाहींच. वाघ कसा आला, हत्तींनीं काय केलें, माणसें कशीं पळालीं, हें पाहणाऱ्यानें पाहिल्यासारखें सांगितलें आहे. मुलांच्या वाङ्मयांत अशा गद्याची किंमत फार मोठी आहे, असें आमचें मत आहे. ज्यास आपण लेखक आहों ह्याची वार्ताहि नाहीं, अशा माणसाकडून लिहवून घेणें हें कोणत्याहि मंडळाचें सर्वांत अवघड काम होय. तें ‘संदेशा’नें केलें.

मुली मागें राहिल्या नाहींत. थोरल्या कन्या सुखलता राव परीकथा लिहीत आणि त्यांचीं चित्रेंहि स्वतःच काढीत. त्यांचें सासर कटकचें. सासरे मधुसूदन राव हे ओडिया भाषेचे मान्यवर कवि. ओडिया मुलें पिढ्यान्‌पिढ्या ज्यावरून अक्षरें शिकलीं तो ‘वर्णबोध’ ह्यांचाच. मराठी वाचकास मौज वाटेल ती ही कीं, हें रावांचें कुळ मूळ मराठ्यांचें. दुसऱ्या कन्या पुण्यलता चक्रवर्ती यांनीं लहान मुलांसाठीं छोट्या गोष्टी लिहिल्या, आणि ह्या घराच्या बालपणाच्या आठवणीहि पुढें लिहून ठेवल्या.

१९१५ च्या डिसेंबरांत उपेंद्रकिशोर वारले आणि संपादकपद सुकुमारांकडे आलें. ‘आबोल ताबोल’मधील कविता, ‘ह-य-व-र-ल’, खोडकर पागला दाशूच्या गोष्टी, हें सारें ह्या मासिकाचीं पानें भरतांना जन्मास आलें. ‘भरतांना’ हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला आहे. स्फूर्तीची वाट पाहण्याची मासिकाच्या संपादकास सोय नसते. महिना संपतो आणि पान रिकामें असतें. पुढें काळ्या आजारानें सुकुमार अंथरुणास खिळले, तरी लेखणी आणि कुंचला सुटला नाहीं.

ह्या आजारपणाच्या काळांतली एक गोष्ट आम्हांस ‘आबोल ताबोल’इतकीच महत्त्वाची वाटते. प्रमदारंजनांची मुलगी लीला शिलाँगच्या डोंगरांतून कलकत्त्यास येऊन फार दिवस झाले नव्हते. चुलतभावानें तिला गोष्ट लिहावयास लावलें, आणि ती १९२२ सालीं ‘संदेशां’त छापली, चित्रहि तिचेंच. मुलीचें वय चौदा. पुढें लीला मजुमदार ह्या नांवानें बंगाली बालवाङ्मयांत जें घडलें त्याचें मूळ तेथें आहे. कोणी म्हणेल, प्रतिभा असती तर ती केव्हां तरी प्रकट झालीच असती. सुकुमारांच्या बाबतींत हें आम्ही मान्य करूं. ते कोठेंहि आणि कसेहि वाढते, तरी सुकुमारच झाले असते. त्यांची पहिली कविता वयाच्या नवव्या वर्षाच्या आंतच ‘मुकुल’ मासिकांत आली होती. परंतु मंडळाची परीक्षा पहिल्या रांगेवरून करावयाची नसते. दुसऱ्या रांगेंत कोण उभे राहिले, आणि त्यांतून कोण पुढें सरकले, हें पाहावें. चौदा वर्षांच्या मुलीस तिच्या वयाकडे पाहून कौतुकाचे दोन शब्द सांगणें सोपें होतें. तिच्या गोष्टीस मोठ्यांच्या पंक्तींत पान देणें ही निराळी गोष्ट आहे. तेथें तिचें लिखाण सुखलतांच्या आणि कुलदारंजनांच्या लिखाणाशेजारीं वाचलें जाणार होतें, आणि फिकें पडलें तर तसें दिसणार होतें. आमच्या मतें उत्तेजनाची खरी जात ती हीच. वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ चा, म्हणजे ‘संदेशा’च्या सात वर्षें आधींचा, त्याच्या जुन्या फायलीहि ह्याच दृष्टीनें चाळण्यासारख्या आहेत.

आतां दुसरी बाजू. घर हेंच मंडळ असलें म्हणजे घराची दैवगति तीच मंडळाची दैवगति होते. १० सप्टेंबर १९२३ रोजीं सुकुमार छत्तिसाव्या वर्षीं वारले. ‘आबोल ताबोल’ पुस्तकरूपानें निघालें तें त्यानंतर नऊ दिवसांनीं. बंधु सुविनय यांनीं मासिक कांहीं काळ रेटलें, पण पुढें कारखाना हातचा गेला आणि गढपार रस्त्यावरचें घरहि सोडावें लागलें. १९३१ च्या सुमारास मासिक पुन्हां सुरू झालें, तेंहि टिकलें नाहीं. आणि केवळ पैशानेंच नव्हे, मायेनेंहि घर फुटतें. १९३३ मध्यें लीलेनें वडिलांच्या मर्जीविरुद्ध विवाह केला, आणि प्रमदारंजनांनीं तिच्याशीं संबंध तोडला तो कायमचा. ‘वनेर खबर’ लिहिणारा बाप आणि त्याच मासिकानें हात धरून लिहिती केलेली मुलगी! उत्तेजन देणारें मंडळ रक्ताच्या नात्यावर उभारलें कीं त्यास असाहि एक खर्च सोसावा लागतो. बाहेरच्या नवख्या लेखकास अशा घराचें दार ठोठावणें कितपत सोपें होतें, हाहि प्रश्न आहेच.

ह्या प्रश्नाचें उत्तर तिसऱ्या पिढीनें दिलें, असें म्हणतां येईल. सुकुमारांचे चिरंजीव सत्यजित यांनीं १९६१ मध्यें कवि सुभाष मुखोपाध्याय यांस बरोबर घेऊन ‘संदेश’ पुन्हां काढला. त्या वेळीं चित्रपटांमुळें त्यांचें नांव जगभर झालें होतें, पण कथालेखक म्हणून त्यांस कोणी ओळखत नव्हतें. पुन्हां तोच प्रकार झाला: रिकामीं पानें, संपादक, आणि लिहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्याच वर्षीं प्रोफेसर शंकू ह्याची पहिली गोष्ट आली, आणि १९६५ मध्यें फेलूदाची. अशोक जैन यांच्या मराठी अनुवादांतून आपल्या घरोघरच्या मुलांस माहीत झालेला गुप्तहेर तो हाच. लीला मजुमदार १९६३ पासून संपादनांत आल्या. ज्या मासिकानें चौदाव्या वर्षीं त्यांस पान दिलें, तेथें पन्नाशीनंतर इतरांस पान देण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि तें त्यांनीं सुमारें तीस वर्षें केलें. पुण्यलतांच्या कन्या नलिनी दास ह्याहि पुढें संपादक झाल्या. मात्र आतां मासिक एका घराच्या मालकीचें राहिलें नव्हतें. सुकुमारांच्या नांवें एक सहकारी संस्था स्थापून तिच्याकडे तें सोंपविलें होतें. पैशाची ओढाताण संपली असें नव्हे. अंक उशिरां निघत, आणि कांहीं वेळां निघतहि नसत.

नव्या ‘संदेशां’त वाचक मुलांच्या स्वतःच्या लिखाणासाठीं एक सदर होतें. त्याचें नांव ‘हात पाकाबार आसर’, शब्दशः हात पिकविण्याची बैठक. आपण हात बसला म्हणतों. बंगाली मनुष्य तो आंब्यासारखा पिकवितो. ह्या सदरांतलें बरेंचसें लिखाण कच्चेंच असणार, आणि तें तसेंच असावयाचें. पण तें ज्या अंकांत छापलें जाई, त्याच अंकांत चार पानें उलटलीं कीं सत्यजितांचें किंवा लीला मजुमदारांचें नांव दिसे.