संस्थांतर्गत शोधसूची आणि परवानग्यांचा ताजेपणा : एक चिकित्सा

मोठ्या संस्थेतील विखुरलेले दस्तऐवज एकाच ठिकाणाहून शोधता यावेत म्हणून ज्या प्रणाली उभारल्या जातात, त्यांच्याविषयीच्या लेखनात गती आणि अचूकता यांची चर्चा विपुल आढळते. कोणी काय पाहावे हा प्रश्न मात्र बहुधा गौण ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी कसोटी तिथेच लागते. शोधसूचीत दस्तऐवजाचे एका विशिष्ट क्षणीचे रूप नोंदलेले असते आणि मजकुराबरोबर त्या क्षणीची परवानगीही तिच्यात गोठते.

यावर दोन मार्ग रूढ झाले. गूगलच्या सर्च अप्लायन्स या २००२ साली बाजारात आलेल्या यंत्रात, निकाल दाखवण्यापूर्वी वापरकर्त्याच्या ओळखीने मूळ सर्व्हरलाच विचारण्याची सोय पुढे होती. उत्तर ताजे मिळे. परंतु हजार निकालांपैकी दहाच पाहण्याचा अधिकार असला, तर ते दहा सापडेपर्यंत सर्व्हरची दमछाक होई. दुसरा मार्ग परवानगीयादी सूचीतच साठवण्याचा. तो वेगवान, पण शिळा. २०१० साली अपाचेच्या छत्राखाली आलेल्या मॅनिफोल्डसीएफने मध्यममार्ग काढला. दस्तऐवजाची परवानगीचिन्हे सूचीत राहतात, तर वापरकर्त्याची चिन्हे शोधाच्या वेळी मागवली जातात. त्यामुळे एखाद्यास गटातून वगळल्याचा परिणाम लवकर दिसतो. दस्तऐवजाचीच परवानगी बदलली, तर मात्र क्रॉलरच्या पुढील फेरीची वाट पाहावी लागते.

आणि ती फेरी तरी बदल टिपतेच असे नाही. युनिक्स प्रणालीत फाइलची परवानगी बदलली तरी मजकूर बदलल्याची वेळ तीच राहते. बदलते ती वेगळी, स्थितिबदलाची वेळ. केवळ पहिली वेळ तपासणाऱ्या क्रॉलरला ती फाइल जशीच्या तशी वाटते. हा दोष वरवर क्षुल्लक भासतो, पण महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

निकाल नंतर गाळण्याची पद्धतही निर्दोष नाही. शेअरपॉइंट २०१३ मध्ये अशी सोय होती, परंतु तिच्या वापराने निकालांची एकूण संख्या चुकीची दिसू शकते. समजा, सहकाऱ्याचे नाव आणि ‘निलंबन’ हा शब्द शोधल्यावर ‘१ निकाल’ असे दिसले आणि खाली काहीच आले नाही. दस्तऐवज न उघडताही गोपनीयता भंगली!

परवानगी देणे आणि काढून घेणे या क्रियांना समान विलंब लावणे, ही या साऱ्या रचनांमागील मूळ चूक होय. देण्यातील विलंब गैरसोय करतो, तर काढण्यातील विलंब गळती घडवतो. म्हणून काढण्याची सूचना मूळ प्रणालीने सूचीकडे स्वतः तत्काळ धाडावी. सूचीने प्राथमिक गाळणी करावी. आणि प्रत्यक्ष दाखवावयाच्या दहा नोंदींपुरतीच मूळ सर्व्हरकडे खातरजमा करावी. एकूण संख्या दाखवण्याचा मोह सोडावा. आता भाषा-प्रतिमाने संस्थेच्या दस्तऐवजांवरून उत्तरे रचतात. तिथे ही खातरजमा मजकूर प्रतिमानाकडे जाण्यापूर्वीच व्हावयास हवी, कारण उत्तरात मिसळलेले वाक्य नंतर गाळता येत नाही.