वृत्तपत्रांवरील पहारा आणि पहारेकऱ्याची भाषा

इतर वृत्तपत्रांच्या पक्षपातावर पाळत ठेवणारे पत्र ही मराठीला नवी गोष्ट नव्हे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेल्या ‘दीनबंधू’च्या मुळाशी उपेक्षित समाजाची बाजू अन्यत्र मांडली जात नाही हीच जाणीव होती. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायका’च्या पहिल्या अग्रलेखात बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रसृष्टीचीच झडती घेतली. आज हे कार्य संकेतस्थळे करीत आहेत. अमेरिकेत डाव्या बाजूने ‘फेअर’ (१९८६) आणि उजव्या बाजूने ‘मीडिया रिसर्च सेंटर’ (१९८७) या संस्थांनी ते आधीच आरंभिले होते. भारतात ‘ऑपइंडिया’ (२०१४) व ‘ऑल्ट न्यूज’ (२०१७) ही स्थळे परस्परांनाही पक्षपाती ठरवीत आली आहेत.

अशा पहारेकऱ्यास स्वतःचा पक्ष असणे हा दोष मानण्याचे कारण नाही. उघड सांगितलेला पक्ष वाचकास फसवीत नाही. प्रश्न आहे तो पद्धतीचा: पक्षपात नेमका कोठे दाखवावयाचा?

याचे उत्तर भाषेत शोधावे लागते. मराठीत एखाद्या व्यक्तीविषयी लिहिताना एकवचन की आदरार्थी बहुवचन, हा निर्णय क्वचितच टाळता येतो. मंत्री ‘म्हणाले’ आणि आरोपी ‘म्हणाला’, या दोन क्रियापदांत न्यायालयाच्या आधीच एक निवाडा झालेला असतो. ‘लाठीमार झाला’ या वाक्यात कर्ता नाही. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ यात आहे. एकाने ‘सांगितले’, दुसऱ्याने ‘दावा केला’, तिसऱ्याने ‘कबूल केले’: माहिती तीच असली, तरी विश्वासाचे माप प्रत्येक वेळी निराळे.

आजच्या पहारेकऱ्यांचे लेखन या पातळीवर क्वचितच उतरते. ते वाक्य सोडून हेतूकडे धावते. ‘माध्यमे दडवितात’ असे म्हणताना कोणते पत्र, कोणता अंक, कोणते वाक्य, हे पुष्कळदा सांगितले जात नाही. शिवाय ‘तथाकथित’ हे विशेषण आणि प्रतिपक्षाच्या शब्दाभोवतीची उपरोधिक अवतरणचिन्हे ही दुसऱ्याच्या हाती निषिद्ध मानलेली शस्त्रे स्वतःच्या हाती शुद्ध ठरतात.

‘मूकनायका’चा अग्रलेख येथे तुलनेस घ्यावा. त्यातही वाक्यरचनेची चिकित्सा नाही. कोणाच्या प्रश्नांस जागा मिळते, एवढाच त्याचा निकष आहे. ही त्याची मर्यादा म्हणता येईल. परंतु तो निकष स्वच्छ आहे आणि तो सर्वांना सारखा लावला आहे. पैसे देऊनही ‘मूकनायका’ची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. तक्रारीस इतके कारण असूनही या अग्रलेखात सरसकट निषेध नाही. ‘दीनमित्र’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ आदी पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची थोडीफार चर्चा होते, ती पुरेशी नाही, असे तो नावानिशी मान्य करतो. एकाच जातीचे हित पाहणाऱ्यांचेही अखेर नुकसानच होईल, हे पटविण्यासाठी तो एका बोटीतील उतारूंचा दृष्टान्त देतो. म्हणजे प्रतिपक्षही वाचक आहे, असे तो गृहीत धरतो. आजच्या पहारेकऱ्यांनी हेच गृहीतक सोडले आहे. त्यांचा वाचक आधीच पटलेला असतो.

याची किंमत दूरचा वाचक मोजतो. पुणे–सातारा रस्त्यावरील किकवीच्या वाचकास आपल्या गावच्या बातमीचा खरेखोटेपणा स्वतः जोखता येतो. दिल्लीच्या बातमीपुढे मात्र त्याच्यापाशी वाक्याखेरीज दुसरे साधन नसते. ते वाक्य तपासावयास शिकविणारा पहारेकरी, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या उपयोगी पडेल. केवळ कोणावर अविश्वास ठेवावा हे सांगणारा त्याला एका पत्राच्या अंकितपणातून सोडवून दुसऱ्याच्या हवाली करतो. म्हणून पहारेकऱ्याची परीक्षा एकच: प्रतिपक्षाच्या वाक्यास लावलेली कसोटी त्याचे स्वतःचे वाक्य सोसते काय?