‘काय करायलीस?’ : रोजच्या बोलण्याचा वाङ्मयीन विचार

‘काय करायलीस?’ आमच्या जालना जिल्ह्यात दोन मैत्रिणींचे बोलणे बहुधा या प्रश्नाने सुरू होते. उत्तरही ठरल्यासारखे असते. ‘भांडे घासायले’, ‘तूर निवडायले’, ‘काही नाही, आत्ता टेकले जरा’. मग आभाळाची चौकशी होते, मग स्वयंपाकाची, आणि कुणाच्या तरी कुकरच्या शिट्टीने बोलणे थांबते. घरातले लोक याला ‘बायकांच्या गप्पा’ म्हणतात. समीक्षेने तर याला नावही दिलेले नाही. काम, हवामान आणि अन्नाची काळजी या तीन विषयांभोवती फिरणाऱ्या या बोलण्याला स्वतःची रचना आहे का, त्याचे काही नियम आहेत का, हे प्रस्तुत लेखात तपासायचे आहे.

माझ्यासमोरचे साधन घरचेच आहे. शाळेत एका वर्गात असलेल्या आम्ही नऊ जणी गेली काही वर्षे फोनवरच्या एका गटात रोज बोलतो. कोणी जालना शहरात आहे, कोणी अंबडला, कोणी परतूरला, एक मंठा तालुक्यातल्या खेड्यात, दोघी पुण्यात. निम्म्या जणी टंकत नाहीत, आवाज पाठवतात. त्यामुळे मागे पाण्याचा नळ, पंखा, नातवाचे रडणे असे सगळे ऐकू येते. मैत्रिणींना विचारूनच हे लिहीत आहे. कोणाचेही वाक्य तिचे म्हणून येथे देत नाही. जी वाक्ये येतील ती सगळ्यांच्याच तोंडी असणारी, नमुन्याची आहेत.

अशा बोलण्याविषयी पाश्चात्त्य विचारात एक प्रसिद्ध मत आहे. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी 1923 साली ऑग्डेन आणि रिचर्ड्‌स यांच्या अर्थविचारावरील ग्रंथाला जोडलेल्या निबंधात ‘फॅटिक कम्युनियन’ ही संकल्पना मांडली. तब्येतीची विचारपूस, हवामानावरचे शेरे, उघड दिसणाऱ्या गोष्टींचा उच्चार हे सारे माहिती देण्यासाठी नसते. माणसांनी एकमेकांशी बांधलेले राहावे एवढेच त्याचे कार्य, असे त्यांचे म्हणणे. पुढे रोमान याकोबसन यांनी 1960 च्या आपल्या गाजलेल्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांत संपर्काची वाट उघडी आहे ना, हे पाहण्याच्या कार्याला त्यांनी हेच नाव दिले. तेव्हापासून हवेपाण्याच्या गप्पा म्हणजे अर्थ नसलेले पण उपयोगी बोलणे, असा समज पक्का झाला.

हे मत मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पटले होते. नंतर एका उन्हाळ्यात आमच्याच गटातले बोलणे सलग ऐकताना ते डळमळू लागले.

कुरडयांचे उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा, तो खाली बसू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे. मग पहाटे उठून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. त्यानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन हवे. एकदा गहू भिजले की मागे फिरता येत नाही. ऐनवेळी आभाळ आले तर चीक आंबतो. घातलेल्या कुरडया ओलसर राहिल्या तर बुरशी धरतात, आणि बुरशी लगेच दिसतेच असे नाही. डब्यात भरल्यावर श्रावणात कळते.

आता ‘तुमच्याकडं आभाळ हाय का गं?’ हा एप्रिलमधला प्रश्न पुन्हा वाचू. विचारणारीने कालच गहू भिजवलेले आहेत. तिला आजच्या आभाळाची नव्हे, चौथ्या दिवसाची काळजी आहे. अंबडला दुपारी ढग आले तर संध्याकाळी आपल्याकडे येतील का, याचा ती अंदाज बांधत आहे. या एका प्रश्नात काम आहे, हवामान आहे आणि वर्षभर घरात खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाची सुरक्षितताही आहे. दुरून ऐकणाऱ्याला हे तीन विषय वाटतात. चुलीजवळ तो एकच विषय असतो. मालिनोव्स्कींनी ज्या हवामानाच्या बोलण्याला माहितीशून्य मानले, त्यात येथे माहिती ठासून भरलेली आहे. फक्त ती वाक्यात नाही, वाक्यामागच्या भिजलेल्या गव्हात आहे. ऐकणारीला ते गहू ठाऊक असतात, म्हणून वाक्य छोटे राहू शकते.

हा आपल्या भागाचाही गुण आहे. जालन्यात हवामान हा कधीच शिळोप्याचा विषय नव्हता. 2012–13 च्या दुष्काळात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या आणि टँकर केव्हा येणार यावर घरातल्या कामांचा क्रम ठरू लागला. ‘आज धुणं काढलं’ हे वाक्य त्या काळात पाणी आल्याची बातमी होते. 11 फेब्रुवारी 2018 रोजी जिल्ह्यातल्या अनेक गावांत गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि मोसंबी झोडपली गेली. अशा दिवशी ‘तुमच्याकडं पडल्या का?’ या तीन शब्दांत कर्ता सांगावा लागत नाही. व्याकरणात ज्याला अध्याहृत म्हणतात ते येथे सर्वांच्या अंगणात पडलेले असते.

या बोलण्याचे दुसरे लक्षण म्हणजे ते उपदेश करत नाही. उपदेशाचा वाङ्मयप्रकार आपल्याला चांगला परिचित आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी येणारी मूर्खलक्षणे रोजच्या वागण्यातल्या चुकांचीच यादी आहे. कसे वागू नये, हे तेथे सर्वांना उद्देशून, सर्व काळासाठी सांगितले आहे. सरकारी सूचनापत्रकही त्याच जातीचे. नवरात्र आले की अन्न व औषध प्रशासन भगरीविषयी सूचना देते. सुटी भगर किंवा सुटे पीठ घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा, भगर स्वच्छ धुऊन घ्या, दमट जागी ठेवू नका, लागेल तेवढेच पीठ दळा. भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढली तर फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्ये तयार होतात, हे त्यामागचे कारण. सूचना योग्य आहे, आवश्यकही आहे.

मैत्रिणींच्या बोलण्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. ‘आमच्याकडं काल भगरीच्या भाकरी केल्या, सगळ्यांना मळमळायलं.’ येथे आज्ञा नाही, साक्ष आहे. साक्षीला घर असते, दिवस असतो, खाणारी माणसे असतात. त्यावर पुढचे प्रश्न येतात तेही पाहण्यासारखे आहेत. ‘पीठ का अख्खी? कुठल्या दुकानातली? घरी दळली का गिरणीत? पोरांनी किती खाल्ली?’ एखाद्या वैद्याने रुग्णाचा इतिहास घ्यावा तसा हा क्रम आहे, आणि तो कोणी शिकवलेला नाही.

ही काळजी अवाजवी नाही. 20 फेब्रुवारी 2024 रोजी, एकादशीच्या दिवशी, मंठा तालुक्याला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात भगर-आमटीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा दोरीला सलाईनच्या बाटल्या अडकवून रस्त्यावर उपचार करावे लागले. ती छायाचित्रे देशभर गेली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वर्तमानपत्रांत आकडे आले. आमच्या भागातल्या फोनांवर त्या रात्री एकच प्रश्न फिरत होता : ‘तुमच्याकडलं कोणी गेलं होतं का?’

आता या बोलण्याच्या व्याकरणाकडे वळू, कारण त्याची खरी शिस्त तेथे आहे. मराठीत ‘म्हणे’ नावाचा एक लहानसा शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो आला की बोलणारी सांगते, हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. ‘त्यांच्याकडं उलट्या झाल्या’ आणि ‘त्यांच्याकडं उलट्या झाल्या म्हणे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याची जबाबदारी बोलणारीवर, दुसऱ्याची नाही. ‘दिसतंय’, ‘वाटतंय’, ‘बहुतेक’ हे शब्द अशाच पायऱ्या आहेत. ‘पाऊस यायलाय’ म्हणजे अंगणात थेंब पडत आहेत. ‘पाऊस येईल वाटतंय’ म्हणजे वारा फिरला आहे. ‘परवा पाऊस हाय म्हणे’ म्हणजे टीव्हीवर सांगितले आहे. आमच्या गटात या पायऱ्या क्वचितच चुकतात. वाळवण कुठल्या वाक्यावर घालायचे आणि कुठल्या वाक्यावर उचलायचे, हे त्यांवरच ठरते.

फिरत आलेला संदेश ही पायरीच काढून टाकतो. त्यात ‘म्हणे’ नसते, ‘आमच्याकडं’ही नसते. गाव, तारीख, सांगणारे माणूस काहीच नसते, आणि तरीही तो ठाम असतो. रेशनच्या तांदळाचे उदाहरण बोलके आहे. 15 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी घोषणा केल्यानंतर सरकारी योजनांतून पोषणमूल्यवर्धित तांदूळ देण्यास वेग आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून तांदळासारखेच दाणे बनवतात आणि शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळतात. हे दाणे रंगाने थोडे वेगळे दिसतात, धुताना काही वर तरंगतात. त्यावरून ‘रेशनमध्ये प्लॅस्टिकचा तांदूळ’ असे संदेश गावोगाव फिरले. आमच्याकडेही आला. त्यावर पहिले उत्तर होते, ‘प्लॅस्टिकचा असतो म्हणे!’ त्या ‘म्हणे’तला तिरकसपणा मराठी कानाला सांगावा लागत नाही. दुसरे उत्तर अधिक मोलाचे होते. एकीने ते दाणे वेगळे काढून शिजवून पाहिले होते आणि ते भातासारखेच मऊ झाले होते. संदेशाला तिने मत देऊन उत्तर दिले नाही, पातेले ठेवून दिले. खरे-खोटे ओळखण्याची कसोटी ती हीच : या वाक्याला घर आहे का?

येथे एक इशारा मलाच देणे भाग आहे. साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. ‘आम्ही तर तीच भगर खाल्ली, काही झालं नाही’ हे वाक्य प्रामाणिक असूनही घातक ठरू शकते. बुरशीचे विष एका पोत्यात असते, दुसऱ्यात नसते. धुऊन स्वच्छ दिसणारे धान्यही निर्दोष असेलच असे नाही. एका घराचा अनुभव त्या घराच्या पाकिटापुरता असतो. आमच्यातल्या एकीने अशाच दिलाशावर उरलेले पीठ वापरले आणि दोन दिवस आजारी पडली. दिलासा देणारी मीच होते. तेव्हापासून मला वाटते की या वाङ्मयप्रकाराला उपदेशाची जोड हवी. सूचनापत्रकाने सर्वांना लागू असलेले सांगावे, बोलण्याने ते कुठे लागू होते ते दाखवावे. दोघांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

मग प्रश्न उरतो जतनाचा. मराठीत स्त्रियांच्या बोलीतली रचना जमवण्याची मोठी परंपरा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत कित्येक खंड सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, अनेकींचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. या ओव्यांत शेत आहे, पाऊस आहे, दळणाचा शीण आहे. पण जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या असतील तर ओवी आणि ओवी यांच्या मध्येही त्या बोललेल्या असणार. ‘पीठ जाड पडायलं’, ‘ज्वारीला किडा लागलाय, ऊन द्यायला पायजे’, ‘आज वारं पडलंय’. संग्राहकाने ओवी उतरवून घेतली, मधले बोलणे सोडून दिले. त्याला दोष देता येत नाही, तो गीतासाठीच गेला होता. परिणाम मात्र असा की गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, ओव्या कागदावर वाचल्या आणि मधले बोलणे संपूर्ण हरवले.

छापील साहित्यातही आपण असेच करतो. ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून त्यांतल्या जीवनविषयक जाणिवेवर पुष्कळ लिहिले गेले. चूल, तवा, पेरणी, मळणी यांना आपण त्या जाणिवेकडे जाण्याच्या पायऱ्या मानले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना याउलट अनुभव येतो. तेथे घरातली उलाढाल ही कशाची तरी खूण म्हणून येत नाही, ती उलाढाल म्हणूनच येते, आणि पुस्तक त्यावरच उभे राहते. रोजच्या बोलण्याचे सामर्थ्य ओळखणारी वाचनपद्धती आपल्याला तेथून शिकता येईल.

म्हणून फोनांमधले सगळे बोलणे जमवून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. ते खाजगी आहे. मी टिपणे काढते हे कळल्यावर आठवडाभर आमच्या गटात सगळ्या शुद्ध भाषेत बोलू लागल्या होत्या आणि ‘म्हणे’ जवळपास नाहीसे झाले होते. टिपणे बंद केल्यावरच ते परतले. जमवण्यासारखी आहे ती या बोलण्याची रीत : कोणता प्रश्न कशापोटी विचारला जातो, ऐकीव आणि पाहिलेले यांतले अंतर कोणत्या शब्दाने राखले जाते, कोणत्या तालुक्यात त्यासाठी कोणते रूप वापरतात. हे काम विद्यापीठाबाहेरच्या माणसालाही करता येते. कान लागतो आणि परवानगी लागते.

लेख पुरा झाल्यावर गटात वाचून दाखवला. ‘ह्यात काय एवढं लिवण्यासारखं?’ असे एकीने विचारले. दुसरीने त्यावर काही न म्हणता विचारले, ‘आज तुमच्याकडं ऊन हाय का?’ दिवाळीचे पोहे वाळत घालायचे होते. मी अंगणात जाऊन पाहिले आणि कळवले : हाय, पण पश्चिमेकडून भरून यायलंय.