चरण कुठे गेले?

नाताळ जवळ आला की यूट्यूबवर मराठी ख्रिस्ती गाण्यांची रांग लागते. अलीकडची अशी बरीच गाणी सलग ऐकली आणि मनापासून राग आला. ध्वनिमुद्रण स्वच्छ, गळे सुरेल, गिटार वाजवणारे तयारीचे. आणि शब्द? देव महान आहे, मी हात उंचावून त्याची स्तुती करतो, एवढ्या भांडवलावर सात मिनिटे. देव महान आहे हे खरेच. पण त्याने काय केले, ते माझ्या घरादाराला कुठे भिडते, याबद्दल एक अक्षर नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, ड्रम चढत जातात, ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. गाणे संपते तेव्हा त्याच्या हाती नवे काहीच आलेले नसते.

रविवारच्या उपासनेतही आता हाच साचा बसला आहे. कीबोर्डवर एक सूर धरून ठेवलेला, त्यावर वर्शिप लीडरचे हळुवार बोलणे, पडद्यावर थांबलेल्या चार ओळी, डोळे मिटलेली मंडळी. मग वाद्ये थांबतात, दिवे उजळतात आणि पाळकसाहेब मुद्दे क्रमाने मांडत उपदेश करतात. आधी हृदयाचा अर्धा तास, मग बुद्धीचा. आपल्या भजन-कीर्तनाच्या परंपरेत ही वाटणी नव्हती.

फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. त्यातले श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री गुरू ओवीतच उत्तर देतो. शंका आणि भक्ती एकाच छंदात नांदतात. पण या परंपरेचे खरे ऐश्वर्य पाहायचे तर नगरला यावे लागते. कृष्णराव सांगळ्यांची पदे आणि कीर्तने घ्या, नाहीतर नारायण वामन टिळकांची भजने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत. १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर त्यांनी जे लिहिले त्यात हा पूल जागोजाग दिसतो, आणि तो केवळ भावनेचा नाही, रचनेचाही आहे. भजनाला ध्रुपद असते आणि चरण असतात. ध्रुपद हृदयाचे, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येणारे. चरण मात्र दर वेळी पुढे जातो: एक प्रसंग सांगतो, एक कारण देतो, कधी देवाशी भांडतो. प्रत्येक चरणानंतर मंडळी ध्रुपदावर परतते तेव्हा शब्द तेच असतात, पण म्हणणारा थोडा पुढे आलेला असतो. पेटी-टाळांवर म्हटलेले भजन नीट ऐका. चरण एकटा गायक म्हणतो तेव्हा टाळ मंदावतात, कारण तो ऐकायचा असतो. ध्रुपदाला सगळे एकदम उठतात. कीर्तनात तर बुवा दोन चरणांच्या मध्ये थांबून निरूपण करतात, दाखला देतात आणि सूर न सोडता पुन्हा गाण्यात शिरतात. उपदेश आणि गायन वेगळे काढायला तिथे जागाच नाही.

हे केवळ आपले देशी वैशिष्ट्य आहे असेही नाही. स्तोत्रसंहितेतले १३६ वे स्तोत्र उघडा. २६ वचने, आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाच्या दयेचे तेच पालुपद. पुनरुक्तीच्या समर्थनासाठी आजचे गायक याच स्तोत्राचा आधार घेतात, पण प्रत्येक वचनाचा पहिला अर्धा भाग ते वाचतच नाहीत. तिथे आकाश आहे, तांबडा समुद्र आहे, फारो आहे, सीहोन आणि ओग हे राजे आहेत, शेवटी अन्न आहे. पालुपद पुन्हा पुन्हा येते कारण कारणे एकामागून एक येत राहतात. आपल्या गाण्यांत पालुपद राहिले आणि कारणे गेली.

इंग्रजी चालींवर मराठी शब्द ताणून बसवलेली जुनी भाषांतरित गीते मी या वादात धरतच नाही. ती म्हणताना हृदयही बाहेर राहते आणि बुद्धीही. 

यावर मला सांगितले जाते की भावना ओसंडली तर बिघडले काय, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जागृतीत काय झाले? जरूर आठवावे. केडगावच्या त्या आश्रमात मुली रडत होत्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. त्याच काळात त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीकशी झुंजत बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या. १९२२ मध्ये डोळे मिटण्यापूर्वी रमाबाईंनी ते काम पुरे केले. अश्रूंचा दाखला घ्यायचा तर खिळ्यांचाही घ्या. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच बजावले होते: आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन.

दुसरे उत्तर तयारच असते: तरुणांना हेच आवडते. मग गिटारवर अभंग गाणाऱ्या बँडच्या कार्यक्रमांना गर्दी कोणाची असते? वाद्यांशी माझे भांडण नाही. मराठवाड्यातल्या ज्या मंडळीत बाहेर सोयाबीन वाळते आहे, तिला आत फक्त विजयाची गाणी देता, भांडण आहे ते याच्याशी. ८८ वे स्तोत्र अंधारात संपते. तेही उपासनेतच म्हणायचे आहे. त्या मंडळीतल्या शेतकऱ्याचे दुःख मांडणारा एक चरण लिहायला कोणी बसत नाही, कारण त्यासाठी विचार करावा लागतो.

आणि विचार लोकांना जड जातो, हे कोणी ठरवले? नगर जिल्ह्यातल्या ज्या पिढीने टिळकांची भजने चरणांसकट पाठ केली, तिच्यात अक्षरओळख नसलेल्या बाया कितीतरी होत्या. खुद्द आपल्या पत्नी लक्ष्मीबाईंना वाचायला टिळकांनी लग्नानंतर घरी शिकवले, आणि टिळकांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच नेले. आज मंडळीत बसलेल्या पदवीधर मुलामुलींना चार चरण पेलणार नाहीत असे गृहीत धरून तुम्ही त्यांच्यासमोर चार ओळींचा पडदा लावता, आणि वर त्यालाच त्यांच्यावरचे प्रेम म्हणता.