गाणं पाठ, रचना गैरहजर

महाराष्ट्रातल्या बहुतेक माध्यमिक शाळांत गाणं ऐकू येतं ते परिपाठाला, झेंडावंदनाला आणि स्नेहसंमेलनात. समूहगीतांच्या स्पर्धेत काही शाळांची मुलं इतकी सुरात, इतकी एकजीव गातात की ऐकत राहावं. तेव्हा सादरीकरणाची बाजू अगदीच लंगडी नाही. पण दहावीपर्यंत शाळेत गात आलेल्या मुलाला ‘या चार ओळींना तुझी चाल लाव’ असं बहुधा कोणीच सांगत नाही.

आपल्या संगीतात गाणारा आणि रचणारा एकच असतो, म्हणून हे जास्त खटकतं. ख्यालगायक बंदिशीच्या दोन-चार ओळी हाती घेतो आणि उरलेला डोलारा बैठकीतच उभा करतो. ही विद्या चारचौघांत आणली पलुसकर-भातखंड्यांनी. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी घराण्यांतल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. भातखंडे स्वतः ‘चतुर’ या नावानं लक्षणगीतं रचत. त्यांच्यामागून रुजलेल्या परीक्षांनी मात्र त्यांच्यातला संग्राहक तेवढा उचलला. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढताना मूल रागाची माहिती लिहितं, बंदीश म्हणतं, हातावर ताल देतं. आणि आलाप-ताना? त्याही बहुतेक क्लासांत वहीत लिहून दिलेल्या. उत्स्फूर्ततेचं पाठांतर ही आपली खास कमाई! आता दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे या पाठांतराला बाजारभावही आला आहे. टीव्हीवरच्या स्पर्धांनी वेगळं काही केलं नाही. मूळ गायकाच्या हरकती हुबेहूब उतरल्या की टाळ्या.

या वयाची एक अडचण मात्र कोणी फारशी बोलून दाखवत नाही. आठवी-नववीत मुलग्यांचा आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चारमध्ये खणखणीत गाणारा मुलगा अचानक घोगरा होतो, वरचा षड्ज लागत नाही. समूहगीतात त्याला मागच्या रांगेत उभं करतात, नाहीतर हातात खंजिरी देतात. दोन-तीन वर्षांनी आवाज स्थिरावतो, तोवर त्याचं गाणं सुटलेलं असतं. नेमक्या याच काळात रचना शिकवायला हवी, कारण तिला गोड गळा लागत नाही.

आणि ती शिकवणं अवघडही नाही. तीनतालात समेपासून समेपर्यंत तिहाई बसवायची आहे. पाच मात्रांचा बोल तीनदा, मध्ये एकेक मात्रा मोकळी, म्हणजे सतरा. शेवटचा आघात नेमका पुढच्या समेवर. मोकळी जागा दोन मात्रांची केली तर सुरुवात कुठून करावी लागेल? आठवीच्या मुलाला हे गणित म्हणूनही आवडेल. किंवा भूप घ्या. सा, रे, ग, प, ध याच पाच स्वरांत मुलांनी एक स्थायी रचावी. अट एवढीच की ती याच स्वरांचा दुसरा राग, देशकार, होता कामा नये. गंधारावर विसावायचं की धैवतावर, याचा निर्णय एकदा स्वतः घेतला की वादी-संवादी घोकावे लागत नाहीत.

मुलं शाळेबाहेर रचतातच. मोबाइलवर बीट जुळवून त्यावर मराठीत रॅप लिहिणारी नववीतली मुलं कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतील. आपण करतो आहोत ते आणि शाळेतलं ‘संगीत’ यांचा काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सांगणार तरी कोण? पूर्णवेळ संगीतशिक्षक ही मोजक्याच शाळांची चैन आहे.

इंग्लंडमध्ये १९८८ पासून सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत संगीत घेणाऱ्याला रचना करावीच लागते. आज सादरीकरणाला तीस टक्के, रचनेलाही तीस. तिथेही हा विषय घेणारी मुलं कमी होत चालल्याची ओरड आहे, तेव्हा डोळे मिटून नक्कल करण्यात अर्थ नाही. पण रचनेला गुण द्यायचे कसे, हा आपल्याकडचा ठरलेला आक्षेप तिथे निकालात निघाला आहे. खरं तर त्यासाठी इंग्लंडला जायचीही गरज नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या आपल्याच चित्रकलेच्या परीक्षांत शाळकरी मुलं संकल्पचित्राचा पेपर देतात, स्वतःच्या डोक्यातली नक्षी कागदावर काढतात, आणि परीक्षक गठ्ठेच्या गठ्ठे तपासून श्रेणी देतात. भूपातल्या चार ओळींना सात गुण की पाच, यावर संगीताच्या परीक्षकांनीही खुशाल भांडावं.