सदतीस अंशांची सुई

‘टाके नाहीत, अर्ध्या तासात घरी, कायमची सुटका’ अशी जुनाट पाठदुखी-मानदुखीवरच्या एका उपचाराची जाहिरात होते. मणक्यांच्या छोट्या सांध्यांकडून वेदनेचे संदेश नेणारा बारीक चेतातंतू त्यात सुईच्या टोकाशी भाजतात. सुई तापवून खुपसत नाहीत बरे का! सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तने करणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे ऊतींतले आयन मागेपुढे हलतात, त्या घर्षणाने ऊतीच तापतात आणि त्यांच्यामुळे सुई. चेतातंतूचे पेशीकाय मात्र मेरुरज्जूजवळच्या गाठीत शाबूत असते, त्यामुळे तंतू पुन्हा वाढतो. म्हणजे ‘कायमची’ हा शब्द तिथेच बाद झाला.

उरलेल्या दाव्याचे काय? ऑस्ट्रेलियातील लॉर्ड, बोगडक व सहकाऱ्यांनी १९९६ साली मोटार अपघातानंतर मान दुखणारे २४ रुग्ण घेतले. दुखणे ठरावीक सांध्यातूनच येते याची खात्री त्यांनी बधिर करणारी आणि लटकी, अशी दोन्ही इंजेक्शने देऊन केली होती. मग सुई सर्वांनाच टोचली. १२ जणांत तापमान ८० अंश सेल्सिअस, १२ जणांत ३७. कोणाला काय, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. निम्मे दुखणे परतायला लागलेल्या काळाचा मध्यक पहिल्या गटात २६३ दिवस, दुसऱ्यात ८. प्रयोग छोटा, पण प्रश्न स्वच्छ विचारलेला.

नेदरलँड्समध्ये कंबरदुखीच्या ६८१ रुग्णांवर तीन चाचण्या झाल्या (२०१७). व्यायाम सर्वांना, हा उपचार निम्म्यांना. तीन महिन्यांनी दहा अंकांच्या वेदनामापनात फरक तिन्हींत एका अंकाच्या आत. अपेक्षा दोनची होती. लटका उपचार नव्हता, अशी टीका झाली. ती मला पटत नाही. उपचार मिळाल्याचे ठाऊक असलेला रुग्ण सहसा जास्तच आराम सांगतो; तरीही फरक दिसला नाही! रुग्णांची निवड सैल होती, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण जाहिरात वाचून येणाऱ्यांची निवड तरी १९९६ इतकी काटेकोर होते का? नसेल, तर त्यांना लागू पडणारे उत्तर नेदरलँड्सचे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २०२५ च्या शिफारशीही कण्याच्या जुनाट दुखण्यावर हा उपचार करण्याच्या विरोधात आहेत.

वर्गात चर्चेसाठी एक तपशील. ३७ अंशांच्या गटातलाही एक रुग्ण २७ आठवड्यांनंतर वेदनामुक्त होता. शेजाऱ्यांनी विचारले असते, तर त्याने या उपचाराबद्दल काय सांगितले असते?