सत्तर टक्के मासा

झेब्राफिशबद्दल तुम्ही कुठेही काही वाचलं असेल, तर एक वाक्य नक्की भेटलं असेल: माणसाची ७० टक्के जनुकं या माशात आहेत. आपल्या क्षेत्रातल्या निम्म्या भाषणांची सुरुवातच याने होते. इथे दोहात सिद्रा मेडिसिन आणि कतार विद्यापीठ, दोन्हीकडे या बोटाएवढ्या माशावर काम चालतं, त्यामुळे ते माझ्या कानावर जरा जास्तच पडतं. आकडा खोटा नाही. पण तो अर्धा सांगितला जातो, आणि मेंदूतल्या रिसेप्टरांबद्दल बोलताना नेमका उरलेला अर्धाच लागतो.

झेब्राफिशचा जीनोम २०१३ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. माणसाच्या ७१.४ टक्के जनुकांना माशात निदान एक नातेवाईक सापडतो, असं त्यात आहे. हे ‘निदान’ महत्त्वाचं. कारण लगेच पुढे म्हटलंय, की अशा जनुकांपैकी एकास एक जोडी जमते ती ४७ टक्क्यांची. त्याखालोखाल मोठा गट माणसाचं एक आणि माशाची अनेक, असा. हे वाक्य मी अजून कुणाच्या स्लाइडवर पाहिलेलं नाही.

असं का झालं? तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी या माशांच्या पूर्वजांत अख्खा जीनोमच दुप्पट झाला. नंतर बऱ्याच जादा प्रती गळून गेल्या, काही टिकल्या. टिकलेल्यांनी कधी कामं वाटून घेतली, कधी नवीनच काम धरलं. वाटणीनंतरची भावकी म्हणा ना.

आता एएमपीए रिसेप्टर घ्या. मेंदूतले बरेचसे झटपट निरोप हाच झेलतो. माणसात त्याची जनुकं ४, झेब्राफिशमध्ये ८. माशाच्या जनुकांच्या नावाशेवटी ए किंवा बी लागतं ते यामुळेच. पेपर वाचताना या एका अक्षरावर बोट ठेवा. एकच प्रत बंद केली, मासा मजेत पोहत राहिला, म्हणून ‘या जनुकाने काही बिघडत नाही’ असं लिहिलेलं दिसलं, तर दुसरी प्रत काय करत होती हे विचारायलाच हवं.

कतारमध्ये हा नुसता पेपरातला वाद राहत नाही. इथे जवळच्या नात्यात लग्नं पुष्कळ होतात (मामाची मुलगी करणाऱ्या आपण त्यावर भुवया उंचावू नयेत), त्यामुळे एकाच जनुकाच्या दोन्ही बिघडलेल्या प्रती मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. मुलाला फिट्स येतात, बोलणं उशिरा येतं. जीनोम वाचल्यावर एखाद्या रिसेप्टरच्या जनुकात कधी न पाहिलेला बदल सापडतो. हाच दोषी का? ते ठरवायच्या पुराव्यांपैकी एक म्हणजे मासा. तिथे चुकीची प्रत निवडली, तर खरं कारण ‘निरुपद्रवी’च्या खात्यात जाऊन पडतं, आणि आई-बाप पुढच्या तपासणीच्या रांगेत. दोन्ही प्रती बंद करायच्या, मग माणसाच्या जनुकाचा निरोगी आणि बदललेला आरएनए वेगवेगळा घालून कशाने मासा सावरतो ते बघायचं, हे वेळखाऊ आहे, पण करता येतं.

याचा अर्थ मासा दूरचाच, असा काढू नका. ताणाच्या वेळी माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल वाढतं, झेब्राफिशमध्येही तेच; उंदरात मात्र कॉर्टिकोस्टेरॉन. ते ओळखणाऱ्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची जनुकं ट्राउटसारख्या बऱ्याच माशांत दोन आहेत. झेब्राफिशने त्यातलं एक कधीच गमावलं, म्हणून त्याच्याकडे आपल्यासारखं एकच उरलं. म्हणजे ताणाच्या अभ्यासात हा मासा काही बाबतीत उंदराहून आपल्याला जवळचा, आणि एएमपीएच्या बाबतीत तोच मासा दुपटीने गुंतागुंतीचा. सत्तर टक्क्यांत यातलं काहीच दिसत नाही.